भक्षक क्रमांक चारशे बारा

माझी मावशी, भामा गणपत मेथर, वय एकसष्ट, सहा जानेवारीला दुपारी उंडवण्याच्या खाडीत कमरेपर्यंत रुतली आणि भरतीत बुडाली.

तसं काही घडलेलं नाही. फाटकाच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी खाडी रिकामी होती. मी सरकारी नोकर आहे, तोही कायम, आणि नोंद मानणं मला बंधनकारक आहे. तेव्हा मावशी आहे असं धरून मी पुढचं सांगतो. तुम्हीही तसंच धरा, म्हणजे दोघांनाही त्रास नाही.

मी रोशन. आई लहानपणीच गेली, बाबा मुंबईला गेले ते तिथलेच झाले, आणि मला भामामावशीने स्वतःचा झील, म्हणजे मुलगा, म्हणून वाढवलं. मावशी चाळीस वर्षं खाडीत उतरून तिसऱ्या काढते. सुकतीला पाणी मागे हटलं की चिखलात उतरायचं, पायाच्या बोटांनी चाचपायचं, शिंपलीची कड लागली की वाकून उचलायची आणि पाटीत टाकायची. एवढाच धंदा. यात पुढे जायला जागा नाही आणि निवृत्ती तर नाहीच.

चिखलात कुठे पाय टाकायचा हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाणी ओसरून थोडं ऊन पडलं की चिखलाच्या काही भागांवर सोनेरी-तपकिरी चकाकी येते. मावशी तिला साय म्हणायची. "साय धरलली आसा थयसर पाय टाकूचो," ती सांगायची. "साय नसली तर देवाक पण जाव देव नको."

पुढे मी विज्ञान शिकलो तेव्हा कळलं की मावशीचं बरोबर होतं, फक्त तिला कोणी पदवी दिली नव्हती. ती साय म्हणजे चिखलावर राहणारं सूक्ष्म शैवाल. काचेसारख्या कवचात बंद असलेल्या एकपेशी वनस्पती, नखाएवढ्या जागेत लाखो. सुकतीला त्या चिखलातून सरपटत वर येतात, ऊन खातात, आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात. भरती आल्यावर नाही, यायच्या आधी. चिखलाचा गोळा काचेच्या भांड्यात घालून प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला, तरी पुढचे काही दिवस त्या सुकतीच्या वेळेला वर येत राहतात. समुद्र तिथे नाही हे त्यांना कळत नाही, किंवा कळतं आणि त्या मान्य करत नाहीत. आमच्या कार्यालयात अशी बरीच माणसं आहेत.

चालताना त्या मागे चिकट स्राव सोडतात. त्या स्रावाने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. म्हणून साय असते तिथे चिखल माणसाचं वजन पेलतो.

आणि त्या अन्न आहेत. पूर्वी सगळे समजायचे की खाडीचं पोट कांदळवनाच्या पानांवर भरतं. पण ते पान म्हणजे चामडं. ते चावणार कोण? खरी पंगत या सायीवर बसते. किडे, गोगलगायी, कोलंबी, निवटी तिच्यावर जगतात. बोय मासा तर चिखलावर ओठ टेकवून ती शोषून घेतो. लाटेने उडाली की ती पाण्यात मिसळते आणि तिसऱ्यांच्या तोंडी पडते. त्यांना खेकडा खातो, खेकड्याला माणूस खातो. माणसाला कोण खातं हे तेव्हा अभ्यासक्रमात नव्हतं.

२०३६ साली नीलांकुर नावाच्या कंपनीच्या हे लक्षात आलं, आणि तिने मधल्या सगळ्यांना वगळून थेट साय काढायचं ठरवलं. वाळवलेली साय कोलंबीच्या पिल्लांना अतिशय मानवते. मग खाडीत पसरट, रुंद जिभेची यंत्रं आली. सुकतीला ती चिखलावरून सरकत जायची आणि साय खरवडून घ्यायची. सरकारी नाव पृष्ठसंकलक, गावातलं नाव चाट्या. खाडीला कुंपण पडलं. आरडाओरडा झाला, मोर्चा निघाला, आणि सरकारने न्यायाने वागायचं ठरवलं. इथेच सगळं बिघडलं.

नियम असा निघाला की जे खाडीवर खरोखर आश्रित आहेत त्यांना खाडीत उतरायचा पास मिळेल; तपासणी होईपर्यंत फाटक सगळ्यांना उघडं. आणि "खरोखर" हे तलाठ्याच्या दाखल्यावर ठरणार नाही. विज्ञानावर ठरेल.

ते विज्ञान चालवायचं काम माझ्याकडे होतं. कंत्राटी.

यंत्राचं नाव अन्नसाक्षी, आकार साधारण मिक्सरएवढा. त्यात केस घालायचे. ते जळतात आणि त्यातला कर्ब मोजला जातो. कर्बाचे अणू दोन वजनांचे असतात, हलके पुष्कळ आणि जड थोडे. उघड्या पाण्यात तरंगणारं शैवाल चोखंदळ असतं. ते हलका कर्ब उचलतं आणि जड सोडतं. चिखलावरच्या सायीला ती चैन परवडत नाही. तिच्याभोवती साचलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यात कर्ब अपुरा, म्हणून मिळेल तो घ्यावा लागतो, जडसुद्धा. हा जडपणा मग सायीतून तिसरीत, तिसरीतून माणसात आणि माणसातून त्याच्या केसात उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुळाशी तीन सेंटीमीटर कापले की तीन महिन्यांत तुमचं अंग कशापासून बनलं ते कळतं. तुम्ही काय सांगता त्याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही.

पात्रतेची मर्यादा तीस टक्के होती.

पहिल्या आवृत्तीत एक गडबड झाली. माझ्या साहेब, सहायक नियामक वाघमोडे मॅडम, मूळच्या सांगोल्याच्या. चाचणी म्हणून त्यांनी स्वतःचे केस दिले आणि त्या सत्तावन्न टक्के खाडी निघाल्या. मॅडमनी तोवर समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा गाडीतून. शोधाअंती कळलं की ज्वारीसुद्धा जड कर्ब धरते, आणि मॅडम तीन पिढ्या भाकरीवर होत्या. मग यंत्राला गंधक आणि नत्रही तपासायला शिकवलं, कारण समुद्राचा गंधक वेगळा असतो. त्यानंतर मॅडम शून्य टक्क्यांवर आल्या. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

"आलं आलं म्हणता गेलं बघ," त्या म्हणाल्या.

उंडवण्यात तपासणी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये होती. मी टेबलावर कात्री, चिमटा आणि यंत्र मांडून बसलो. बायका रांगेत होत्या, आणि गावाने मला सरकारी न्हावी म्हणायचं आधीच ठरवून टाकलं होतं.

"रोशन्या, माझो जरा बॉबकट कर रे!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि हॉल हसला.

मावशी समोर येऊन बसली. अंबाडा सोडला.

"मेल्या, केस कापतंस की चाचपतंस?"

"मावशे, मुळाकडचे लागतत. तीन सेंटीमीटर."

"तीन काय, सगळे घे. हयसर माका बघूक कोण येतला?"

यंत्र चार मिनिटं घेतं. त्या चार मिनिटांत मावशीने मागच्या बाईला मीठ किती घालावं यावर दोन सल्ले दिले. मग आकडा आला.

"किती इलो?"

मी परत पाहिलं. परत पाहून आकडे बदलत नाहीत, तरी माणूस पाहतो.

"सव्वाचार."

"शंभरातले?"

"शंभरातले."

"आणि होये किती?"

"तीस."

मावशीने केस बांधायला घेतले. "यंत्रात पाणी गेला आसतला," ती म्हणाली.

यंत्रात पाणी गेलं नव्हतं. आकडा खरा होता, आणि तो माझ्यामुळे होता.

नऊ वर्षांपूर्वी मला या खात्यात कंत्राटावर घेतलं तेव्हा मावशीने मला ग्रामदेवतेसमोर उभं केलं. आमच्याकडे देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. मानकरी मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. एक प्रकारचा अर्जच, फक्त आवक क्रमांक नसतो. त्या दिवशी मानकऱ्याने मांडलं की ह्या लेकराची नोकरी कायम होऊ दे. होय महाराजा. आणि ती होईपर्यंत ही बाय खाडीतलं काही म्हणजे काही तोंडाला लावणार नाही. होय महाराजा. मीही म्हणालो, होय महाराजा. मला वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे.

नऊ वर्षं मावशी रोज खाडीत उतरली, रोज पाटी भरून तिसऱ्या आणल्या, विकल्या, आणि घरी येऊन रेशनचा तांदूळ आणि तूरडाळ खाल्ली. तिच्या अंगात खाडी नव्हती कारण तिने माझ्यासाठी ती काढून ठेवली होती. उरलेले सव्वाचार टक्के बहुधा वाऱ्याने आत गेले असावेत.

रांगेत पुढे सबनीस होते. पाच वर्षांपूर्वी ठाण्याहून येऊन खाडीकाठी बंगला बांधलेले, निवृत्त, गोड स्वभावाचे. दोन वेळच्या जेवणात तिसऱ्या, सुक्या किंवा रश्शाच्या, आणि संध्याकाळी चण्याफुटाण्यासारखी कोलंबी. सगळा माल मावशीकडूनच. त्यांना अडुसष्ट टक्के मिळाले. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

सबनीस खरंच ओशाळले. बाहेर येऊन मावशीपुढे हात जोडून उभे राहिले. "वहिनी, मी जो काही आहे तो तुमच्या हातचाच आहे हो. तुम्हीच मला अडुसष्ट टक्के केलंत."

"मग तुमी उतरा आता चिखलात," मावशी म्हणाली. "माका घराकडे आणून द्या. वजनात मारू नका."

नियमात एक सोय होती. नापास झालेल्याला सहा महिन्यांनी पुन्हा केस देता येत. त्या संध्याकाळी मी बाजारातून दोन पाट्या तिसऱ्या आणल्या, नारळ खवला, स्वतः रस्सा केला आणि मावशीपुढे ताट ठेवलं.

"काय ह्या?"

"सहा महिने खा. रोज. तीसच्या वर जातलंस."

"तू कायम झालंस?"

"नाय."

"मग उचल ता ताट."

"मावशे, पास नाय गावलो तर कुंपणाच्या भायर बसान रवशील. जन्मभर."

"आणि नवस मोडलंय आणि तुका काय झाला तर? पास घेवन मी काय करू? चुलीत घालू?"

"देवाक काय, टक्के मोजूचे आसत?"

"देव तुझ्यासारखो नाय. तो कंत्राटी नाय."

ताट आमच्या बोक्याने रिकामं केलं. बोक्याचं नाव खोत, कारण दारात आलेल्या प्रत्येक पाटीतून तो आपला वाटा काढून घ्यायचा आणि उपकार केल्यासारखा निघून जायचा. मी त्याच्याकडे पाहत बसलो. फुटकी तिसरी, माशाचं डोकं, कोलंबीची सालं, आठ वर्षांत या प्राण्याने खाडीबाहेरचं काही खाल्लं असेल तर ते फक्त माझ्या चपलेचं टोक.

आता पुढे मी जे केलं ते मी केलेलं नाही, असं मला लेखी कळवलेलं आहे.

दुसऱ्याचे केस वापरता येत नसत. एकदा तपासलेल्या माणसाची ओळख यंत्र लक्षात ठेवायचं. पण खोताची तपासणी झालेली नव्हती. मी त्याच्या पाठीवरचे केस कापले, त्याने माझ्या हातावर चार ओरखडे काढले, आणि पहिला नमुना अपुरा होता असा शेरा मारून मावशीच्या नावावर मी तो यंत्रात घातला. मला वाटलं, जळाल्यावर केस तो केस.

वाटलं ते त्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत खरं होतं. एका गावाने बकरीचे केस पाठवल्यावर केसातल्या प्रथिनांवरून जीव ओळखायचं तंत्र यंत्रात घातलं गेलं होतं. तशी सूचना सगळ्या कर्मचाऱ्यांना ईमेलने गेली होती. कंत्राटी कर्मचाऱ्यांना कार्यालयाचा ईमेल नव्हता.

चार मिनिटांनी पडद्यावर आलं: भक्षक, घरगुती मांजर, नर. आश्रितता ७१.४. पात्र.

तुम्ही म्हणाल, मांजर पात्र कसं. नियमात "व्यक्ती" हा शब्दच नव्हता. नियम ज्याने लिहिला त्याने अन्नसाखळीवरच्या एका शोधनिबंधावरून तो उतरवला होता, आणि निबंधात खाणारा तो भक्षक, मग तो खेकडा असो की बगळा. "खाडी-आश्रित भक्षकास पास देण्यात यावा." यंत्राने तसा दिला. माणूस असता तर कार्ड आलं असतं; मांजर असल्यामुळे गळपट्टा आला. त्यावर छापलं होतं, भक्षक क्रमांक ४१२, पत्ता भामा गणपत मेथर यांचे घर.

त्याखाली बारीक अक्षरांत, एका घरास एकच पास.

म्हणजे सहा महिन्यांनी तपासणीची जी सोय होती तीही संपली. आमच्या घराचा पास दिला गेला होता. तो झोपला होता, फळीवर.

मी मॅडमकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, माझ्या हातावरचे ओरखडे पाहिले.

"मॅडम, रद्द करा ना. माझी चूक आहे. मला काढून टाका हवं तर."

"रद्द करायचं तर चूक झाली असं लिहावं लागतंय. चूक लिहिली की यंत्रावर शंका. यंत्रावर शंका आली की चारशे अकरा पास शंकेत. मग ती चारशे अकरा माणसं दारात. कळतंय का?"

"मग मावशीचं काय?"

"तुझी मावशी सव्वाचार टक्के आहे रे. मी शून्य आहे. मी रडतेय का?"

त्यांनी ओठ चावला. मला वाटतं त्यांनाही ते वाक्य आवडलं नव्हतं.

"असं बघ रोशन," त्या म्हणाल्या, "हे घडलेलंच नाही. तसं पत्र देते तुला. पण तू कंत्राटी. कंत्राटी माणसाला वर्तणूक नियम लागत नाहीत. उद्या बोललास कुठं, तर मी काय करणार?"

दोन वर्षं मॅडम मला कायम करण्यासाठी वर फायली पाठवत होत्या. फायली परत येत होत्या, कधी सही नाही म्हणून, कधी शाई निळी म्हणून. या वेळी फाईल नऊ दिवसांत आली. मांजराचं प्रकरण बाहेर बोलायला मला कायद्याने बंदी करता यावी म्हणून शासनाने मला कायम केलं. सेवेत घ्यायला इतकं ठोस कारण याआधी कुणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

आदेश पाच जानेवारीला आला. मावशीने तो कागद दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा पाहिला, देवाच्या फोटोला लावला, मग खोताच्या कपाळाला लावला, कारण तो मध्ये आला.

"कायम म्हणजे कायम?"

"कायम म्हणजे कायम."

"काढूचे नाय आता?"

"काढूक लय कागद लागतत. तेंका कंटाळो येतलो."

मावशी हसली. नऊ वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मग तिने उद्याचा बेत ठरवला. "फाल्या तिसऱ्यो," ती म्हणाली. आवाज बदलला होता, तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाचा असतो तसा.

"बाजारातसून आणतंय."

"इकतच्यो नको. नवस माझो, तर फेडूच्यो तिसऱ्योव माझ्या हातच्यो."

"मावशे, फाटक आसा. आत सोडूचे नाय."

"बघूया," ती म्हणाली. मला तेव्हा वाटलं, ती विषय सोडतेय. मावशीला मी एकतीस वर्षं ओळखत होतो, आणि तिने एकही विषय कधी सोडला नव्हता.

सहा तारखेला साडेदहाच्या आत मला तालुक्याला रुजू अहवालावर सही करायची होती. उशीर झाला तर आदेश आपोआप रद्द होतो. मावशीने मला पेज वाढली, शर्टाची कॉलर नीट केली, आणि म्हणाली, "लवकर ये. गरम गरम खावया."

पुढचं मी फाटकाच्या नोंदीतून सांगतो. नोंदी मीच काढल्या आहेत, त्या खऱ्या आहेत.

अकरा वाजून पाच मिनिटं: भक्षक क्रमांक ४१२ प्रवेश. सोबत साहित्य, बावन्न किलो.

मावशीने खोताला काखेत धरलं होतं. फाटकाने गळपट्टा ओळखला आणि उघडलं. पासधारकाबरोबर साहित्य नेता येतं, पाटी, जाळं, वगैरे. बावन्न किलोची पाटी फाटकाला खटकली नाही.

अकरा वाजून एकोणीस: भक्षक क्रमांक ४१२ बाहेर. खाडी रिकामी.

खोताने चिखलाला पाय लावला, झटकला, आणि तो घरी निघून आला. मांजर चिखलात थांबत नाही. हे कुणालाही ठाऊक आहे. मावशीलाही होतं, तिला त्याची गरज फक्त फाटकापुरती होती.

अकरा वाजून वीस: खाडी रिकामी असल्याने पृष्ठसंकलक सुरू.

मावशी तिच्या नेहमीच्या वाटेने गेली. पण चाट्यांनी तीन वर्षं साय खरवडली होती, आणि तपासणीनंतर मावशी आत नसताना तिची वाटही. चकाकी कुठेच नव्हती, सगळीकडे एकच राखाडी रंग. शैवाल नाही म्हणजे तो चिकट स्राव नाही, आणि स्राव नाही म्हणजे चिखल म्हणजे नुसता घट्ट रस्सा. चाळीस वर्षं सायीवर पाय टाकणाऱ्या बाईने साय नसताना पायांना विचारलं असणार. पायांनी जुनीच वाट सांगितली.

सबनीसांनी गच्चीतून पाहिलं. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसले होते, गुडघ्यांपर्यंत चिखल वाळलेला.

"मी पळत गेलो रे. माझ्याकडे पास आहे, फाटक उघडलं. दहा पावलं गेलो आणि मलाच खाली ओढायला लागलं. मी... मी मागे आलो. मदत केंद्राला फोन केला. ते म्हणाले, पडद्यावर बघतोय, खाडी रिकामी आहे. मी म्हटलं, मला दिसतेय! ते म्हणाले, तुमचा भक्षक क्रमांक सांगा. मी सांगितला. तर म्हणाले, तुम्ही बाहेर आहात, तुम्ही सुरक्षित आहात, धन्यवाद."

"मावशी काय म्हणाली?"

"आधी मला वाटलं, हाक मारतेय. हात वर केला होता. मुठीत तिसऱ्या असाव्यात." सबनीस रडायला लागले. "म्हणाली, सबनीसानू, झिलाक सांगा, गावल्यो."

बाराच्या पुढे भरती लागली. त्याच्या आधीच चिखलात उरलंसुरलं शैवाल खाली गेलं असणार. त्याला वेळ कळते.

शोध घेता आला नाही, कारण रिकाम्या खाडीत शोध घ्यायला तरतूद नाही. मृत्यूचा दाखला नाही, कारण खाडीत जाताना तिची नोंद नाही. तिचं रेशन चालू आहे. मी दर महिन्याला तिचा तांदूळ आणि तूरडाळ आणतो. खोत ते खात नाही.

चार महिने मी कामावर नियमित गेलो. मग हा अर्ज लिहिला. मॅडमनी तो वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "आवकला दे. मी पाहिला नाही." तो असा:

प्रति, मा. सहायक नियामक, खाडी-आश्रितता कक्ष.

विषय: उलट दिशेने आश्रितता तपासणीबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सादर करतो की, श्रीमती भामा गणपत मेथर या खाडीवर सव्वाचार टक्के आश्रित असल्याचे आपल्या कक्षाने तपासले आहे. खाडी त्यांच्यावर किती टक्के आश्रित आहे, हे तपासलेले नाही.

श्रीमती मेथर यांनी नऊ वर्षे खाडीतले काहीही खाल्लेले नाही. खाडीने असा कोणताही नवस केलेला नाही.

श्रीमती मेथर यांच्या अंगातील कर्ब रेशनच्या तांदळाचा व तूरडाळीचा असल्याने हलका आहे, आणि खाडीतील कर्ब जड आहे. त्यामुळे त्या आता जिथे आहेत तेथील किडे, गोगलगायी, तिसऱ्या व चिखलावर नव्याने धरणारे शैवाल तपासल्यास, त्यात तांदूळ व डाळ किती, हे कक्षाकडील यंत्राने चार मिनिटांत सांगता येईल. यंत्र मी चालवीन. त्यासाठी वेगळा भत्ता नको.

सदर तपासणी होऊन निकाल लागेपर्यंत, फाटकापासून वायव्येस अंदाजे दोनशे दहा पावलांवरील जागेतली साय खरवडण्यात येऊ नये, कारण तीत अर्जदाराची मावशी असण्याची शक्यता आहे, ही नम्र विनंती.